हाड चढलं का?

ठसका लागलेल्या माणसाच्या टाळूवर थापट्या मारत "वर बघ, वर बघ" म्हणणारं कुणी दिसलं, की वाघमारे बाईंचं डोकंच फिरायचं. एरवी बाई शांत. डॉक्टर खेकसले तरी शांत, पगार लांबला तरी शांत. पण "वर बघ" ऐकलं की संपलं. लोणावळ्याच्या बाजारात एकदा चिक्कीच्या दुकानासमोर एका पर्यटकाला ठसका लागला. चाखायला दिलेला तुकडा घाईत गिळला असेल. बायको टाळूवर थापटतेय, दुकानदार म्हणतोय, "वर बघा साहेब, वर बघा," आणि साहेबांचे डोळे पांढरे व्हायला आलेले. बाईंनी भाजीची पिशवी माझ्या अंगावर टाकली, तरातरा गेल्या आणि त्या अनोळखी माणसाची मान धरून खाली वाकवली. "वर काय बघायचंय? वरचा न्यायलाच टपलाय. खाली बघा!" साहेब खोकले, तुकडा रस्त्यावर पडला. बायको आभार मानायला तोंड उघडणार, तर बाई तिलाच म्हणाल्या, "नवरा हवाय ना? मग परत टाळू बडवू नका." मी घरी जाईपर्यंत हसत होते.

हसण्यासारखं एवढंच. एका मरणाऱ्या माणसाला पाणी द्यायला हवं होतं की नको, ह्या एका प्रश्नानं बाईंना शेवटपर्यंत कुरतडलं. बरं, उत्तर त्यांना ठाऊक होतं. ठाऊक असून कुरतडत होतं, हे जास्त वाईट.

मी कामशेतची. नर्सिंग करून लोणावळ्यातल्या एका खासगी हॉस्पिटलात लागले, तेव्हा बाई तिथं मेट्रन होत्या. ठेंगण्या, सावळ्या, अंबाड्यात चारी बाजूंनी यू पिना खोचलेल्या. देहूरोडच्या. वडील तिथल्या लष्करी डेपोत कामाला होते, त्यामुळे भोंग्यावर उठायची सवय घरातच लागलेली. लग्न केलं नाही. का नाही, ते आम्ही कुणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. भाऊ, भावजय आणि भाची यांच्याबरोबर राहायच्या. भाचीचं नाव प्रज्ञा, तिच्यावर फार जीव.

जेवताना बाईंसमोर बोलायची सोय नव्हती. डबा उघडला की तोंड फक्त खायला. "घास असताना बोलणारा माणूस दोन्ही दारं एकदम उघडतो," त्या म्हणायच्या. दोन दारं म्हणजे एक वाऱ्याचं, एक अन्नाचं. भाकरी इतकी चावायच्या की आमची जेवणं होऊन भांडी घासून व्हायची. हौस एकच, चहाची. चहा बशीत ओतायचा, डोळे मिटायचे आणि एक एक घोट असा घ्यायचा, की बघणाऱ्यालाही तल्लफ यावी. तेवढ्या वेळात मंत्री आला असता तरी त्याला बाहेर उभं राहावं लागलं असतं.

नवीन मुली लागल्या की बाईंचा एक पाठ ठरलेला. अंबाड्यातली यू पिन काढायची, तिला दोरे बांधायचे आणि एकेक दोरा एकेकीच्या हातात द्यायचा. "तू जबडा. तू जीभ. तू कानामागचं हाड. तू खाली बस, तू छातीचं हाड. आणि तू मागं जा, तू खांद्याचा फरा." सगळ्यांनी दोरे ताणले की पिन मधोमध हवेत उभी राहायची. "हे बघा तुमच्या गळ्यातलं हाड. पुस्तकात कंठिका म्हणतात. हनुवटीच्या खाली, घाटीच्या म्हणजे कंठमण्याच्या वर, घोड्याच्या नालासारखं. अंगातलं दुसरं कुठलंही हाड शेजारच्या हाडाला धरून असतं. हे एकटं कुठल्याच हाडाला जोडलेलं नाही. नुसतं टांगलेलं."

आमच्यातली एक चावट होती, शबाना. ती म्हणाली, "सिस्टर, तुमच्यासारखंच की. एकटं."

आम्ही गारठलो. बाई मात्र हसल्या. "एकटं कुठंय गं? बघ ना किती जणींनी धरलंय. तू सोड बरं दोरा." शबानानं दोरा सोडला. पिन एका अंगाला कलंडली. "आता बोल. जीभ गेली. आता हिला बोलता येईना, गिळता येईना."

मग खरी गोष्ट सांगायच्या. घोट गिळताना हे हाड वर आणि पुढं सरकतं. त्याच्याबरोबर घाटी वर ओढली जाते, वाऱ्याचं दार मिटतं, अन्नाचं उघडतं. डोळ्याचं पातं लवतं तेवढ्यात सगळं होतं, म्हणून आपल्याला पत्ता लागत नाही. "पोलिसांना हे हाड माहीत असतं," बाई म्हणायच्या. "गळा दाबला असेल तर ते मोडलंय का म्हणून बघतात. मेल्यावर ह्याची चौकशी होते. जिवंतपणी कुणी विचारत नाही. आपण विचारायचं."

आणि त्या विचारायच्या. पॅरालिसिसच्या प्रत्येक पेशंटला, पाण्याचा पहिला चमचा द्यायच्या आधी. बिछाना उंच करायचा, हनुवटी खाली घ्यायची, चार बोटं गळ्यावर हलकी ठेवायची, एक हनुवटीखाली, एक ह्या हाडावर, दोन घाटीवर. "गिळा." बोटाखाली हाड वर चढलं तर चमचा. नाही चढलं तर काहीही नाही, नाकातून नळी. राउंडला आल्या की नाडी, ताप नंतर. पहिला प्रश्न आम्हाला, "हाड चढलं का?" उत्तर हो किंवा नाही. "थोडंसं चढल्यासारखं वाटलं" म्हटलेलं चालायचं नाही. "तुला वाटून त्याच्या छातीतलं पाणी निघणार आहे का?" बरोबर सांगितलं तर शाबासकी वगैरे नाही, मनगटावर एका बोटानं टकटक करायच्या आणि पुढच्या खाटेकडे. त्या टकटकीसाठी आम्ही जीव टाकायचो, खरं सांगते.

मावळातली माणसं मायाळू, आणि मायेपोटीच घोटाळा करतात. अंगावरनं वारं गेलेला म्हातारा आडवा पडलेला असतो, तोंड वाकडं झालेलं असतं, आणि सून म्हणते, "सकाळपासून पोटात काय न्हाई ओ," आणि निजलेल्याच्या तोंडात पेज ओतते. म्हातारा खोकतो, ही थापटते, "वर बघा मामंजी, वर बघा." दोन दिवसांनी ताप, छाती भरलेली. बाईंनी अशा सुनांना, मुलांना खाटेशी उभं करून एकमेकांचे गळे चाचपायला लावले. नवरा-बायको वॉर्डात एकमेकांच्या गळ्याला हात लावून लाजायचे. आसपासच्या गावांत बाईंचं नाव कुणाला माहीत नव्हतं. "ती गळा चाचपनारी बाई" म्हटलं की सगळ्यांना कळायचं.

जवळच्या औंढे गावचे आनंदाआबा आले ते भर पावसाळ्यात. आमच्याकडे त्या दिवसांत कपडे वाळत नाहीत, खिडकीबाहेर धुक्यानं समोरची भिंत दिसत नाही, वॉर्डात सगळीकडे ओला वास. आबांना पॅरालिसिसचा झटका दुसऱ्यांदा आला होता. नाकातली नळी त्यांनी दोनदा उपसून काढली, आणि परत घालू नका असं घरच्यांनीच सांगितलं. डॉक्टरांनी मुलाला बाजूला घेऊन सांगितलं, आता फार नाही. घरी न्यायचं ठरलं, पण गावाकडच्या ओढ्याच्या पुलावरून पाणी चाललं होतं. मग इथंच.

त्यांची बायको हौसामावशी. भातलावणीतून तशीच उठून आलेली, पायाच्या नखांत चिखल. सकाळी तिनं पदराखालून तांब्या काढला. येतानाच भरून आणलेलं घरच्या विहिरीचं पाणी, वर तुळशीचं पान. आपल्याकडे जाणाऱ्याच्या तोंडात शेवटचं पाणी घालतात. न घालता माणूस गेला तर तो तहानलेला हिंडतो म्हणतात. तिनं आबांचं डोकं मांडीवर घेतलं, हनुवटी वर केली आणि तांब्या कलता केला.

बाई आडव्या आल्या. बोटं आबांच्या गळ्यावर. "मावशी, हाड हलत नाहीये. पाणी छातीत जाईल."

"जाऊद्या कुटं जायचं ती. जानाराच हाय त्यो."

"जाताना बुडून जाईल मावशी. कोरड्या खाटेवर बुडून. मी बघितलंय. डोळे बाहेर येतात."

"मरताना बी पानी न्हाई व्हय?" हौसामावशीचा आवाज वॉर्डभर गेला. "आमी काय गुन्हा केला?"

बाईंनी तांब्या धरायला हात पुढं केला. तेव्हा ती म्हणाली, "तांब्याला हात लावू नगा तुमी."

एवढंच म्हणाली. पण "तुमी" कुठल्या अर्थानं, ते आम्हाला सगळ्यांना कळलं. शबाना खाली बघायला लागली. पलीकडच्या खाटेवरच्या म्हाताऱ्यानं तोंड फिरवलं. बाईंनी हात मागं घेतला. पण खाटेपासून हलल्या नाहीत. मुलगा आईला समजावत होता, आई रडत होती, तांब्या खाली ठेवलेला. दुपार व्हायच्या आत आबा गेले. शांतपणे गेले, हे मी शपथेवर सांगते. पण कोरडे गेले.

हौसामावशी रडली नाही तेव्हा. तांब्यातलं पाणी तिनं खिडकीतून बाहेर ओतलं आणि बाईंकडे बघून म्हणाली, "तान्हेला धाडलास माजा मानूस."

बाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. चहा बशीत ओतला आणि तसाच ठेवला, साय धरली. मी म्हटलं, "बाई, तुमचं बरोबर होतं." तर म्हणाल्या, "बरोबर होतं गं. पण ओठ भिजवता आले असते. कापसाचा बोळा नव्हता का आपल्याकडे? एवढं आयुष्य ह्यात घालवलं आणि तेवढंच सुचलं नाही." मग म्हणाल्या, "माझ्या आजीला लोक वरून ओंजळीत पाणी ओतायचे. तांब्या लांब धरून. आणि तिची नात लोकांचं पाणी अडवायला उभी राहिली." मी तो गार चहा ओतून दिला आणि नवीन करून आणला.

तेव्हापासून आमच्या वॉर्डात रीत पडली. ज्याचं हाड चढत नाही आणि ज्याची वेळ आली आहे, त्याच्या माणसानं आपल्या घरचं पाणी आणायचं, स्वच्छ कापडाचा कोपरा त्यात भिजवून पिळायचा आणि ओठांना, जिभेच्या शेंड्याला लावायचा. स्वतःच्या हातानं. नर्सनं नाही. कितीतरी माणसं आमच्याकडून ओल्या ओठांनी गेली, त्यामागं आनंदाआबा होते हे कुणाला माहीत नव्हतं.

एका रविवारी बाई औंढ्याला गेल्या, मला बरोबर घेऊन. हौसामावशी खाचरात होती. बाई बांधावर उभ्या राहिल्या, पायांतल्या चपला चिखलात रुतलेल्या. म्हणाल्या, "मावशी, मी चुकले. पाणी पाजायला नको होतं, पण ओठ भिजवायला पाहिजे होते." हौसामावशीनं मान वर केली नाही. रोपं लावत ती खाचराच्या त्या टोकाला गेली आणि तिकडूनच घरी. आम्ही तिच्या घरावरूनच परत निघालो. दारात ती उभी होती. शत्रू जरी दारात आला तरी आमच्याकडे आधी पाणी विचारतात. तिनं विचारलं नाही. मला संताप आला, मी काहीतरी बोलणार होते. बाईंनी माझं मनगट घट्ट धरलं. रस्त्याला लागल्यावर म्हणाल्या, "पाणी विचारलं नाही तिनं. बरोबर केलं."

बाई निवृत्त झाल्या आणि देहूरोडलाच राहिल्या. मी आठ-पंधरा दिवसांनी जायचे. एकदा गेले तर बोलणं जड वाटलं, दारू प्यायलेल्या माणसासारखं. मी म्हटलं, "बाई, दात काढलेत का?" त्या हसल्या. माझा हात धरला, बोटं स्वतःच्या गळ्यावर ठेवली आणि चहाचा घोट घेतला. हाड चढलं, पण रेंगाळत. "आळशी झालंय," म्हणाल्या. "दोन महिने झाले, रोज सकाळी बघतेय." डॉक्टरांकडे नंतर गेल्या. आजाराचं नाव लांबलचक होतं, अर्थ एवढाच, की नसा एकेक करून सुकत जातात आणि औषध नाही. दोरे धरलेल्या मुली एकेक करून हात सोडत होत्या, आणि बाईंना कुठली कधी सोडणार तेही माहीत होतं. ह्याच्यापेक्षा अडाणी असलेलं बरं, असं मला पहिल्यांदा वाटलं.

आधी भाकरी गेली, मग भात, मग पातळ. पोटाला नळी बसवली. आवाज गेला. तो गेला तेव्हा मी तिथंच होते. प्रज्ञाला हाक मारायला तोंड उघडलं आणि नुसता वारा आला. प्रज्ञा रोज चहा करायची, बशीत ओतायची आणि आत्याच्या नाकाशी धरायची. बाई डोळे मिटून वास घ्यायच्या. वाफ संपली की बशी बाजूला सारायच्या. त्या बशीतला एक थेंब त्यांनी कधी मागितला नाही. एकदा भावजय म्हणाली, "एक चमचा घ्या हो, एवढ्यानं काय होतंय?" तर बाईंनी अशी काही नजर टाकली, की ती चमचा घेऊन आत गेली.

त्याच दिवसांत हौसामावशी आमच्या हॉस्पिटलात गुडघ्यासाठी आली. म्हातारी झालेली, पाठीत वाकलेली. मला ओळखलं. म्हणाली, "ती गळा चाचपनारी बाई कुटं असती?" मी तुटकपणे सांगितलं, आजारी आहे, गिळता येत नाही. वाटलं, हिला आता आनंद होईल. ती बाकावर टेकली आणि म्हणाली, "माज्या भावाच्या अंगावरनं वारं गेलतं. म्या घरीच ठिवला. हितं आनला न्हाई, हितं पानी देत न्हाईत म्हनून. शेवटाला म्या सोताच्या हातानं पाजलं, तांब्या लावून." तिनं पदर तोंडाला लावला. "बाई म्हनली व्हती तसंच झालं गं. डोळं बाहेर आलं. कोरड्या खाटेवर बुडाला माजा भाऊ." मी तिच्या शेजारी बसले. ती म्हणाली, "मला न्हेशील का तिच्याकडं?"

नेलं. दुपारची वेळ होती. बाई खुर्चीत उशांना टेकून बसलेल्या, इतक्या बारीक झालेल्या की गळ्यातला प्रत्येक उंचवटा मोजता यावा. केस कापलेले, पिना नाहीत. हौसामावशीला बघितलं आणि डोळे मोठे झाले. हौसामावशी उंबऱ्यातच थांबली. मला वाटलं, आता रडेल किंवा पाया पडेल. तसलं काही नाही. खाली बसली, गुडघे चोळले आणि प्रज्ञाला म्हणाली, "पोरी, आदी मला पानी दे. लय तान लागली."

प्रज्ञानं स्टीलच्या तांब्यातून आणलं. हौसामावशीनं तांब्या तोंडाला लावला, वरून नाही, ओठ लावून, आणि सगळा संपवला. बाई बघत होत्या. म्हातारीच्या गळ्यातलं हाड प्रत्येक घोटाला चढत होतं, उतरत होतं. बाईंची नजर तिथंच. सवयच ती.

मग हौसामावशीनं पिशवीतून तिचा तांब्या काढला. तोच होता. तोंडाला फडकं बांधलेलं. "हिरीचं हाय," बाईंना म्हणाली. "तवा ओतून दिलतं." आणि माझ्याकडे वळली, "बघ की गं. हाड चढतंय का?"

मी चार बोटं बाईंच्या गळ्यावर ठेवली. कातडी गार होती. बाईंनी डोळे मिटले आणि गिळायचा प्रयत्न केला, कपाळावरची शीर फुगली. मी मान हलवली. नाही. हौसामावशीनं हट्ट केला नाही. पदराचा धुतलेला कोपरा पाण्यात बुडवला, पिळला आणि बाईंच्या ओठांवरून हळू फिरवला, आधी खालच्या, मग वरच्या. तान्ह्या पोराचं तोंड पुसावं तसा. एक थेंब हनुवटीवर ओघळला, तो तिनं तळव्यानं टिपला. बाईंच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्यांना ते पुसता येत नव्हतं. माझ्या बोटांखाली काहीतरी थरथरलं.

बाईंनी डोळे उघडले आणि माझ्याकडे बघून भुवया वर केल्या. आवाज नव्हता, पण प्रश्न मला कळला. वीस खाटांच्या वॉर्डात रोज सकाळी ऐकलेला प्रश्न. मनात आलं, हो म्हणावं. एवढ्याशा खोट्यानं कुणाचं काय बिघडणार होतं? पण ह्या बाईंशी ह्या बाबतीत खोटं बोलायची माझी छाती झाली नाही.

"नाही, बाई," मी म्हटलं. "हललं फक्त."

बाईंचा हात मांडीवर पडलेला होता. तो उचलायला त्यांना किती वेळ लागला, बघवत नव्हतं. माझ्या मनगटापर्यंत आणला आणि एका बोटानं टकटक केली. मग मान हौसामावशीकडे वळवली आणि ओठ थोडे उघडे ठेवले. हौसामावशीनं पदर पुन्हा तांब्यात बुडवला.